ईसीजी नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, मग धाप कशाची?

गुडघा बदलून घरी आलेल्या माणसाला दहाव्या-बाराव्या दिवशी अचानक धाप लागते. घरचे त्याला जवळच्या दवाखान्यात नेतात. ईसीजीत नाडी जलद असल्याखेरीज काही दिसत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो. 'गॅस असेल', 'टेन्शन घेतलंय' असं कुणीतरी म्हणतं आणि मंडळी गोळ्या घेऊन घरी परततात. तरी एक प्रश्न सुटत नाही: सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तर श्वास का पुरत नाही?

या प्रश्नाची उत्तरं अनेक असू शकतात. त्यांतलं एक जिवावर बेतणारं आहे. फुफ्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली असली, तरी ईसीजी आणि एक्स-रे जवळजवळ निर्दोष येऊ शकतात. डॉक्टर या आजाराला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात, वॉर्डात बोलताना नुसतं 'पीई'. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या अचानक उद्भवणाऱ्या आजारांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्यानंतर याचाच क्रमांक लागतो. पहिल्या दोघांची खूण आता घराघरांत ठाऊक आहे. तिसऱ्याचं नावसुद्धा अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते आयसीयूच्या दाराशी.

वेळेत ओळखला तर हा आजार बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येतो. सगळं अडतं ते ओळखण्यापाशी. त्यात यंत्रांचा वाटा मोठा आहे, पण कोणत्या रुग्णाला कोणत्या यंत्राकडे पाठवायचं हे आधी माणसाला ठरवावं लागतं. निदान जमतं किंवा हुकतं ते बहुधा याच टप्प्यावर.

१. गुठळी येते कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शवविच्छेदनात फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी सापडली, की ती तिथेच तयार झाली असावी असं मानलं जाई. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या रुडॉल्फ फिरखो या तरुण डॉक्टरला ते पटेना. अशा मृतांच्या पायांतल्या शिरांतही अनेकदा गुठळ्या असतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत रबराचे तुकडे सोडून पाहिले. ते फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकले. १८४६ च्या सुमारास त्याने मांडलेला निष्कर्ष आजही कायम आहे: गुठळी दुसरीकडे तयार होते आणि रक्ताबरोबर वाहत फुफ्फुसात येते.

तिचा मार्ग सरळ आहे. पोटरीतल्या किंवा मांडीतल्या खोल शिरेत ती धरते. तिथून सुटली की पोटातल्या महाशिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचते. या वाटेवर रक्तवाहिन्या रुंद होत जातात, त्यामुळे ती कुठे अडत नाही. उजवं हृदय मात्र रक्त फुफ्फुसाकडे ढकलतं आणि तिथे धमन्यांच्या फांद्या बारीक होत जातात. गुठळी तिथे अडकते. पुढच्या भागात हवा पोहोचते, पण रक्त पोहोचत नाही. गुठळी मोठी असेल तर उजव्या हृदयावर एकाएकी भार येतो. त्याची भिंत पातळ, एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलण्याची तिला सवय नसते. या आजारात अचानक मृत्यू येतो तो मुख्यतः हृदयाच्या या बाजूने हात टेकल्यामुळे.

पायात गुठळी का धरते, याची कारणं तीन गटांत बसतात. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. पहिल्या कारणाचा ठळक दाखला दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनने दिला. १९४० साली शहरावर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत होते आणि लोक निवाऱ्यांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून रात्र काढत होते. त्या खुर्चीची पुढची लाकडी दांडी मांडीच्या मागच्या बाजूला रुतायची. शवविच्छेदन करणारे डॉ. कीथ सिम्प्सन यांना फुफ्फुसातल्या गुठळीने दगावलेल्यांची संख्या वाढलेली दिसली आणि त्यांनी त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये त्याबद्दल लिहिलं. तासन्‌तास न हलणारे पाय आणि वरून दांडीचा दाब, एवढं पुरेसं होतं.

आज ती खुर्ची नाही. तिची जागा मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, पायाचं प्लास्टर, कित्येक तासांचा बस-विमानप्रवास यांनी घेतली आहे. कर्करोग, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे सुमारे सहा आठवडे आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. मराठी घरांत यात आणखी एक गोष्ट येते, जिची नोंद क्वचितच कुणी ठेवतं. गौरी-गणपती, लग्न किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या अनेक जणी औषधांच्या दुकानातून परस्पर आणतात. त्यातलं नॉरेथिस्टेरॉन शरीरात काही अंशी इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. निरोगी स्त्रीला थोड्या दिवसांत त्यापासून सहसा अपाय होत नाही. पण आधी कधी गुठळी झालेली असेल, वजन जास्त असेल किंवा घराण्यात गुठळ्यांचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना न विचारता या गोळ्या घेऊ नयेत. धाप लागून दवाखान्यात गेलेल्या बाईने 'औषधं चालू आहेत का' या प्रश्नाला 'नाही' म्हटलं, तर या गोळ्या बहुधा तिच्या ध्यानातही नसतात.

२. लक्षणांचा घोळ

अचानक लागलेली धाप. श्वास आत घेताना बरगडीत सुई टोचावी तशी कळ. खोकला, कधी थुंकीत रक्त. जलद नाडी. क्वचित भोवळ येऊन कोसळणं. या यादीतलं एकही लक्षण फक्त याच आजाराचं नाही, हीच खरी अडचण आहे. धाप दम्यातही लागते, कळ न्यूमोनियातही येते आणि स्नायू दुखावल्यावरही. घाबरल्यावर नाडी कुणाचीही पळते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसलं तरी गुठळी नाही असं म्हणता येत नाही.

बॉस्टनमधल्या सिल्व्हेस्टर मॅकगिन आणि पॉल डडली व्हाइट यांनी १९३५ मध्ये या रुग्णांच्या ईसीजीत दिसणारा एक खास नमुना वर्णिला. तो आजही परीक्षेत विचारला जातो. मात्र बहुतेक रुग्णांत तो दिसतच नाही; दिसते ती जलद नाडी. एक्स-रेमधल्या खास खुणाही १९३८ आणि १९४० मध्ये वर्णिल्या गेल्या, त्या तर आणखी दुर्मीळ. असं असूनही धाप लागलेल्या रुग्णाचा ईसीजी आणि एक्स-रे काढलाच पाहिजे, कारण झटका, न्यूमोनिया, फुफ्फुसाभोवती साचलेलं पाणी किंवा हवा ही इतर कारणं त्यांत दिसतात. आणि एवढी धाप असून एक्स-रे अगदी स्वच्छ आहे, हा विरोधाभास जाणत्या डॉक्टरच्या मनात संशय जागा करतो.

उलट बाजूनेही फसगत होते. उजव्या हृदयावर ताण आला की रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढतं आणि ईसीजीत काही लहरी उलट्या दिसू शकतात. छातीत दुखतंय, ट्रोपोनिन वाढलंय, ईसीजी बदललाय, एवढ्यावर हृदयविकाराचा झटका समजून रुग्णाची अँजिओग्राफी होते. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघतात आणि तेव्हा कुठे कुणाला फुफ्फुस आठवतं.

३. आधी अंदाज, मग तपासणी

१९६० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या बॅरिट आणि जॉर्डन या दोन डॉक्टरांनी एक लहानसा प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये छापला. गुठळीचं निदान झालेल्या रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला रक्त पातळ करणारं हेपरिन आणि त्यासोबतच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला दिल्या नाहीत. उपचार न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण गुठळीनेच गेले. उपचार मिळालेल्या १६ जणांत गुठळीने एकही मृत्यू झाला नाही. आकडे लहान असले तरी फरक एवढा मोठा होता, की रुग्णांना उपचारांविना ठेवणं पुढे कुणालाच योग्य वाटलं नाही.

याचा एक परिणाम असा झाला, की निदान चुकण्याची किंमत वाढली. गुठळी असताना ओळखली नाही तर मृत्यूचा धोका. नसताना आहे म्हटलं, तर महिनोन्‌महिने रक्त पातळ करणारी औषधं आणि त्यांच्यामुळे रक्तस्राव होण्याचा धोका. त्या काळी निदान डॉक्टरच्या तपासणीवर आणि अंदाजावर उभं होतं, आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा.

कॅनडातल्या ओटावाचे डॉ. फिलिप वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अंदाज आकड्यांत बसवला. त्यांनी अनेक रुग्णांच्या नोंदी अभ्यासून कोणत्या गोष्टी खरोखर महत्त्वाच्या ठरतात ते काढलं आणि प्रत्येकीला गुण दिले. एका पायाला सूज आणि खोल शिरेवर दाबल्यावर दुखणं, याला ३ गुण. दुसरं कुठलं निदान गुठळीपेक्षा अधिक पटणारं नसेल, तर आणखी ३. नाडी १०० च्या वर असेल तर दीड. गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा किमान तीन दिवस अंथरुणाला खिळणं, दीड. पूर्वी गुठळी झालेली असणं, दीड. थुंकीत रक्त, १. कर्करोग असून त्यावर गेल्या सहा महिन्यांत उपचार झालेले असणं, १. बेरीज ४ पेक्षा जास्त भरली तर गुठळीची शक्यता दाट, ४ किंवा त्याहून कमी भरली तर शक्यता कमी.

सुरुवातीचा रुग्ण पुन्हा घेऊन पाहू. समजा वय ५८, गुडघ्याची शस्त्रक्रिया १२ दिवसांपूर्वी, नाडी ११२, त्याच पायाची पोटरी सुजून ताठ झालेली, धापेला दुसरं पटणारं कारण नाही. सुजेचे ३, दुसरं निदान नसल्याचे ३, नाडीचे दीड, शस्त्रक्रियेचे दीड. बेरीज ९. इथे सुजेबद्दल एक शंका येऊ शकते: शस्त्रक्रिया झालेला पाय सुजणारच. म्हणूनच डॉक्टरला पायाला हात लावून, दोन्ही पोटऱ्या टेपने मोजून ठरवावं लागतं. सुजेचे ३ गुण सोडून दिले तरी बेरीज ६ उरते. याला सीटीसाठी पाठवायचं आणि रक्तस्रावाची भीती नसेल तर रिपोर्टची वाट न पाहता हेपरिन सुरू करायचं.

दुसरा रुग्ण २९ वर्षांचा. तीन दिवस खोकला, आज छातीत एका जागी कळ. नाडी ८४, पाय व्यवस्थित, शस्त्रक्रिया नाही, प्लास्टर नाही. बोटाने दाबलं की बरगडी तिथेच दुखते. गुण शून्य. जेफ्री क्लाइन या अमेरिकी डॉक्टरने २००४ मध्ये अशांसाठी आठ प्रश्न सुचवले. वय ५० च्या आत, नाडी १०० च्या आत, ऑक्सिजन ९५ किंवा वर, थुंकीत रक्त नाही, इस्ट्रोजेन चालू नाही, पूर्वी गुठळी नाही, एका पायाला सूज नाही, गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयात ठेवावं लागेल अशी दुखापत नाही. डॉक्टरला मुळातच शक्यता कमी वाटत असेल आणि आठही उत्तरं मनासारखी आली, तर रक्त तपासणीचीही गरज नाही. काही न तपासता धीर देऊन घरी पाठवणं हाही इथे शास्त्रशुद्ध निर्णय असतो.

४. डी-डायमर: 'नाही' सांगणारी चाचणी

या दोघांच्या मध्ये मोठा वर्ग उरतो: शक्यता कमी, पण शून्य नाही. त्यांच्यासाठी डी-डायमर. कोविडच्या दुसऱ्या लाटेत हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला. व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे फिरले, लोक स्वतःहून लॅबमध्ये जाऊन चाचणी करून आले आणि वाढलेला आकडा पाहून हादरले. त्यामुळे ही चाचणी काय सांगते, हे नीट समजून घेणं इथल्या वाचकाला अधिकच गरजेचं आहे.

रक्त गोठतं तेव्हा फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं तयार होतं. जाळं विणून होतं न होतं तोच शरीर ते कापायला घेतं, कारण गुठळी कायम राहून चालणार नसतं. कापलेल्या धाग्यांचे ठरावीक तुकडे रक्तात उतरतात. ते तुकडे म्हणजे डी-डायमर.

सकाळी गल्लीत फटाक्यांचे कागद पडलेले दिसले, तर रात्री फटाके वाजले एवढं नक्की. कुणाच्या दारात वाजले, लग्नाच्या वरातीत की मॅच जिंकल्यावर, हे त्या कागदांवरून कळत नाही. पण गल्ली झाडायच्या आधी पाहिली आणि कागदाचा कपटाही दिसला नाही, तर फटाके वाजले नाहीत असं खात्रीने म्हणता येतं. डी-डायमरचं नेमकं असंच आहे. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, मार, कर्करोग, गरोदरपण, नुसतं वाढलेलं वय, यांपैकी कशानेही ते वाढतं. म्हणून वाढलेल्या आकड्यावरून गुठळी सिद्ध होत नाही. शक्यता आधीच कमी असलेल्या माणसात आकडा कमी आला, तर मात्र गुठळी नाही असं मानून थांबता येतं. नेदरलँड्समध्ये ३,३०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे दाखवून दिलं. वेल्सचे गुण ४ किंवा कमी आणि डी-डायमर नॉर्मल, अशांना सीटी न करता सोडून देण्यात आलं. पुढच्या तीन महिन्यांत त्यांच्यापैकी अवघ्या अर्ध्या टक्क्यात गुठळी आढळली.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णात ही चाचणी करण्यात मतलब नाही. तिथे आकडा वाढलेला असणारच, आणि कमी आला तरी ९ गुणांच्या संशयावर पडदा टाकता येणार नाही.

रिपोर्ट वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं. पहिली, एकक. नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजेच ०.५ मायक्रोग्रॅम, पण ती 'एफईयू' या एककातली. काही लॅब 'डीडीयू' हे एकक वापरतात. एकाच रक्ताचा एफईयूमधला आकडा डीडीयूमधल्या आकड्याच्या साधारण दुप्पट भरतो. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून 'वाढलं', 'उतरलं' असं ठरवताना अनेकांची गफलत होते ती इथे. दुसरी गोष्ट वय. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासानंतर पन्नाशीपुढच्या माणसांसाठी मर्यादा वयाच्या दहापट धरण्याची पद्धत रुळली. ७२ वर्षांच्या आजोबांचे गुण दीड आणि डी-डायमर ६४० आलं. जुन्या मर्यादेने ते वाढलेलं, म्हणून सीटी. नव्या हिशेबाने त्यांची मर्यादा ७२०. आजोबांना सीटीची गरज नाही.

५. सीटीच्या टेबलावर

फ्रान्समधल्या लील इथल्या मार्टिन रेमी-जार्दिन यांनी १९९२ मध्ये त्या वेळी नव्या असलेल्या स्पायरल सीटीने फुफ्फुसातल्या गुठळ्या दिसतात, असं दाखवलं. त्याआधी खात्रीचा मार्ग एकच होता: शिरेतून नळी हृदयात आणि पुढे फुफ्फुसाच्या धमनीत नेऊन तिथे औषध सोडायचं आणि चित्रं घ्यायची. हल्ली ज्याला सीटी पल्मनरी अँजिओ म्हणतात, ते काही मिनिटांत उरकतं.

कोपरापाशी जरा जाड सुई लावतात. तिला इंजेक्टरची नळी जोडलेली असते. रुग्ण टेबलावर पाठीवर झोपतो, हात डोक्यामागे. यंत्र आयोडीनयुक्त औषध सेकंदाला ४-५ मिलिलिटर या वेगाने शिरेत ढकलतं. अंगभर गरम वाफ पसरल्यासारखं होतं, कपड्यात लघवी झाली की काय असं वाटतं. ते अपेक्षितच असतं, हे तंत्रज्ञाने आधी सांगून ठेवलेलं बरं. 'श्वास धरा' म्हटलं की हलायचं नाही. औषध फुफ्फुसाच्या मुख्य धमनीत पोहोचताच यंत्र चित्रं घेतं. पडद्यावर औषधाने भरलेल्या धमन्या पांढऱ्याशुभ्र दिसतात आणि गुठळी असेल तिथे मध्येच राखाडी डाग. खेळ सेकंदांचा. औषध उशिरा पोहोचलं किंवा रुग्णाने श्वास सोडला, की चित्र पुसट येतं.

कोविडमुळे एचआरसीटी सगळ्यांच्या ओळखीचं झालं. त्यात औषध देत नाहीत. फुफ्फुसाची जाळी, डाग, सूज त्यात उत्तम दिसते, पण धमनीतली गुठळी सहसा दिसत नाही, कारण औषधाशिवाय गुठळी आणि रक्त यांचा रंग जवळजवळ सारखाच येतो. 'छातीचं सीटी परवाच झालंय, त्यात काही नव्हतं' असं नातेवाईक सांगतात तेव्हा डॉक्टर म्हणूनच विचारतात: इंजेक्शन देऊन झालं होतं का?

हे यंत्रही एकट्याने निकाल देऊ शकत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या 'पायोपेड २' या अभ्यासाने ते आकड्यांत दाखवलं. त्या काळच्या यंत्रांनी गुठळी असलेल्या १०० पैकी ८३ जणांत ती पकडली. खरी गंमत पुढे आहे. ज्यांच्यात आधीच दाट संशय होता, त्यांच्या सीटीत गुठळी दिसली तर ती १०० पैकी ९६ वेळा खरी निघाली. ज्यांच्यात संशय अगदी कमी होता, त्यांच्या सीटीत दिसलेली गुठळी १०० पैकी ५८ वेळाच खरी होती. उलट दाट संशयाच्या रुग्णाचा सीटी स्वच्छ आला, तरी १०० पैकी ४० जणांत गुठळी होतीच. आताची यंत्रं पुष्कळ सुधारली आहेत. तरीही एकाच प्रतीच्या चित्राचा अर्थ रुग्णागणिक बदलतो, हा धडा जुना झालेला नाही. रेडिऑलॉजिस्टकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर नुसतं 'सीटी चेस्ट' लिहिण्याऐवजी शस्त्रक्रियेची तारीख आणि संशयाचं कारण लिहिणं, म्हणूनच उपचारांचा भाग आहे.

६. सीटी करता येत नाही तेव्हा

मूत्रपिंड कमजोर असेल, आयोडीनच्या औषधाने पूर्वी तीव्र रिअ‍ॅक्शन आली असेल, रुग्ण गरोदर असेल, तर दुसरे मार्ग पाहावे लागतात. एक म्हणजे व्ही-क्यू स्कॅन. जॉन्स हॉपकिन्सच्या हेन्री वॅगनर यांनी १९६४ मध्ये त्याचा पाया घातला. किरणोत्सारी कण शिरेतून सोडून फुफ्फुसात रक्त कुठे पोहोचतंय ते पाहायचं. हुंगायला दिलेल्या कणांवरून हवा कुठे पोहोचतेय ते पाहायचं. हवा आहे पण रक्त नाही, तिथे गुठळीचा संशय. नॉर्मल आला तर हा स्कॅन फार विश्वासार्ह, मात्र पुष्कळांत उत्तर मधलंच येतं. शिवाय न्यूक्लिअर मेडिसिन विभाग मोठ्या शहरांपुरताच असतो.

दुसरा मार्ग पायाच्या शिरांची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर. डॉक्टर प्रोबने शीर दाबून पाहतात. निरोगी शीर पूर्ण चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. धाप लागलेल्या माणसाच्या मांडीत गुठळी सापडली तर फुफ्फुसाचा फोटो नसला तरी चालतं, औषध तेच असतं. पण पायात काही नाही म्हणजे फुफ्फुसात काही नाही, असं मात्र होत नाही. सगळी गुठळी सुटून वर गेलेली असू शकते.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सच्या बाबतीत हेच घडलं. २०११ मध्ये, पायावरच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, तिच्या फुफ्फुसात गुठळ्या सापडल्या होत्या. सप्टेंबर २०१७ मध्ये सिझेरियनने तिला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी श्वास अपुरा पडू लागला. हे काय आहे ते तिने ओळखलं. तिने नर्सला गाठून औषध देऊन केलेलं सीटी आणि हेपरिन हवं, असं सांगितलं. वेदनाशामकांमुळे ती गोंधळली असावी, असं नर्सला वाटलं. डॉक्टरांनी आधी पायांची सोनोग्राफी केली; ती स्वच्छ आली. मग सीटी झाला आणि फुफ्फुसात अनेक छोट्या गुठळ्या दिसल्या. ही हकीकत तिने २०१८ मध्ये 'व्होग' मासिकात सांगितली.

वेल्सच्या हिशेबात तिची बेरीज मांडून पाहावी. पूर्वीची गुठळी दीड, कालची शस्त्रक्रिया दीड, धापेचं दुसरं पटणारं कारण नाही ३. सहा गुण कागदावर तयार होते. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध खेळाडूंपैकी एकीला, स्वतःचा आजार नावानिशी ठाऊक असूनही, हट्ट धरावा लागला. तालुक्याच्या गावातल्या बाळंतिणीची धाप 'अशक्तपणा' म्हणून किती सहज बाजूला सारली जाऊ शकते, याची कल्पना त्यावरून यावी.

रुग्णाचा रक्तदाब कोसळला असेल, तर त्याला सीटीपर्यंत नेणंच धोक्याचं. तेव्हा खाटेशी इको करतात. हृदयाचा उजवा कप्पा फुगून डाव्यापेक्षा मोठा दिसतोय आणि डावा चेपला गेलाय, एवढं दिसलं की वेळ न दवडता गुठळी विरघळवणारं औषध देण्याचा निर्णय घेता येतो. अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज, स्ट्रेप्टोकायनेज ही ती औषधं. ती हृदयविकारासाठी अनेक रुग्णालयांत हाताशी असतात.

७. जास्त शोधण्याचीही किंमत असते

मग प्रत्येक धापेला सीटी का करू नये? अमेरिकेत जवळपास तसं झालं. १९९८ मध्ये तिथे लाख लोकांमागे ६२ जणांत या आजाराचं निदान होत होतं, २००६ मध्ये ११२ जणांत. मृत्यूंचं प्रमाण मात्र लाखामागे सुमारे १२ वरच राहिलं. सापडलेल्या जादा गुठळ्यांपैकी अनेक इतक्या बारीक असाव्यात, की त्यांनी कुणाचा जीव घेतला नसता. त्यांच्यापायी लोकांना रक्त पातळ करणारी औषधं मात्र घ्यावी लागली. शिवाय सीटीचं रेडिएशन, तरुण स्त्रियांच्या स्तनांवर त्याचा परिणाम, औषधाचा मूत्रपिंडावरचा भार आणि खर्च हे वेगळंच.

८. रुग्णाने आणि घरच्यांनी काय सांगावं

वेल्सच्या सात प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्नांची उत्तरं डॉक्टरला कुठल्याही यंत्रातून मिळत नाहीत. ती रुग्णाकडेच असतात. अचानक धाप लागली तर दवाखान्यात गेल्या गेल्या, न विचारता सांगावं: गेल्या महिनाभरात शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा बाळंतपण झालं का, लांबचा प्रवास झाला का, कर्करोगाचे उपचार चालू आहेत का, पूर्वी स्वतःला किंवा घरात कुणाला गुठळी झाली होती का, गर्भनिरोधक किंवा पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या घेतल्या का, एकच पोटरी सुजली किंवा दुखतेय का. डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावं. उत्तर समाधानकारक वाटलं नाही, तर 'फुफ्फुसात गुठळी असण्याची शक्यता धरली आहे का?' असं नम्रपणे विचारावं. हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा कुठलाही अवमान नाही.

घरच्या घरी डी-डायमर करून आकड्यावर झोप उडवून घेऊ नये, आणि शेजाऱ्याची रक्त पातळ करणारी गोळी तर मुळीच घेऊ नये. शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर एकाएकी धाप लागली, छातीत कळ येऊन भोवळ आली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि जिथे सीटीची सोय आहे अशाच रुग्णालयात न्यायला सांगावं.